दुखरा हात नुसता चोळू नका, त्याला ओळखायला लावा

मनगट मोडलं, प्लास्टर निघालं, एक्स-रेत हाड जुळलेलं दिसतं. तरी चार-चार महिने हाताची आग होते, पंजा सुजतो, मध्येच गार पडतो, साडीचा पदर घासला तरी सहन होत नाही. याला सीआरपीएस (कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम) म्हणतात. निदान डॉक्टरांनीच करावं. आपल्या खानदेशात मात्र त्याआधी तेल लावून चोळणं सुरू होतं.

यात मेंदूतला हाताचा नकाशा पुसट होतो. डोळे मिटून हात कसा वाटतो विचारा. कुणाला तो आहे त्याहून मोठा वाटतो, कुणाला मधली बोटं सापडतच नाहीत. काहींना तो हात आपला वाटत नाही, आणि ते हे बोलत नाहीत, कारण घरात लगेच ‘बाहेरचं’ निघतं नाहीतर ‘नाटकं करते’ म्हणतात. हे नाटक नाही. डाव्या-उजव्या हातांचे फोटो मोबाइलवर दाखवले तर दुखऱ्या बाजूचा हात ओळखायला जास्त वेळ लागतो. सततचं दुखणं लक्षही खातं: हिशेब चुकतो, बोलताना धागा सुटतो. गॅबापेन्टिन, प्रीगॅबालिनसारख्या नसांच्या दुखण्यावरच्या गोळ्यांनीही झापड येते. पण त्या मनाने एकदम बंद करू नयेत, डॉक्टरांना सांगून मात्रा बदलून घ्यावी.

आता चोळण्याबद्दल. 2008 साली एका हाताचा किंवा पायाचा सीआरपीएस असलेल्या 13 जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नुसत्या स्पर्शाने फरक पडला नाही. स्पर्श कुठे आणि कशाचा झाला हे ओळखायला लावलं, तेव्हा दुखणं कमी झालं. अभ्यास लहान आहे, पण घरी करता येण्याजोगा याहून सोपा उपाय मला तरी दुसरा दिसत नाही.

हातावर पेनाने 5 ठिपके काढा, त्यांना आकडे द्या. तसंच चित्र कागदावर काढून समोर ठेवा. एक बारीक टोक घ्या, बंद बॉलपेनचं. दुसरं जाड, सेंटिमीटरभर रुंद, पऱ्हाटीची काडी कापून, घासून गुळगुळीत केलेली चालते. हात पडद्याआड. मदतनीस ठिपक्याला हलकेच टेकवतो, रुग्ण सांगतो: ‘तीन, जाड.’ चुकलं तर बरोबर उत्तर सांगून त्याच जागी पुन्हा टेकवा. सहा मिनिटं झाली की तीन मिनिटं विश्रांती, अशा तीन फेऱ्या. बिघडतं ते बहुतेक मदतनिसाकडून: ठिपके ओळीने घेतले, की रुग्ण अंदाजाने बरोबर सांगतो आणि सराव वाया जातो. पंजाला स्पर्शच सोसवत नसेल तर कोपराजवळ सुरू करून हळूहळू खाली या.

आरशाचा सराव, म्हणजे चांगल्या हाताचं प्रतिबिंब दुखरा हात समजून पाहणं, नंतरचा. आधी फोटो ओळखणं, मग हात न हलवता हालचाल मनात आणणं, मग आरसा. आरसा छातीसमोर उभा, दुखरा हात मागे, नजर चांगल्या हाताच्या प्रतिबिंबावर. प्रतिबिंब दुखऱ्या हातासारखंच दिसायला हवं, म्हणून बांगड्या, अंगठी, घड्याळ काढा. आपल्याकडे काही बायकांच्या एकाच हातावर गोंदण असतं; तसं असेल तर दोन्ही हातांना लांब बाह्या घाला, नाहीतर समोरचा हात परका वाटतो. दुखणं किंवा घाम वाढला तर थांबा, दुसऱ्या दिवशी मागच्या पायरीवर या.