आधी विहीर मोजायला हवी होती

परवा नव्या पाणलोट प्रोजेक्टचा (गावात पावसाचं पाणी अडवून जिरवायच्या कामाचा) प्रस्ताव लिहायला बसलो आणि 'उद्दिष्ट' या रकान्यातच अडकलो. सवयीने लिहून गेलो, समतल चर इतके मीटर, माती नालाबांध इतके, नाला खोलीकरण इतके घनमीटर. मग सगळं खोडलं. कारण ही तर आपण काय करणार त्याची यादी झाली, गावात काय बदलणार ते यात कुठेच नाही.

माण तालुक्यातल्या मागच्या गावात हेच झालं होतं. काम मनापासून केलेलं, पहिल्याच पावसात चर भरले, आणि शेवटच्या बैठकीत एक आजी म्हणाल्या, "चर किती मारलं ते ऱ्हाऊ द्या, आमच्या वाडीचा टँकर बंद हुणार का ते सांगा." आमच्याकडे उत्तरच नव्हतं, कारण आधी टँकर कुठल्या महिन्यात सुरू व्हायचा हेच आम्ही लिहून ठेवलं नव्हतं. विहिरीला पाणी वाढलं का विचारलं तर सगळे हो म्हणत होते, पण त्या वर्षी पाऊसही चांगला झालेला, मग हे पाणी चरांचं की पावसाचं, कसं सांगणार? ते वर्ष परत मोजता येत नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून यावेळी काम सुरू व्हायच्या आधीच 12 विहिरी निवडल्यात, दर पंधरा दिवसांनी टेप सोडून पाणीपातळी घ्यायची. भूजल विभाग वर्षातून चारदा मोजतो, पण तेवढ्या नोंदींवर आमचं भागणार नाही. शेजारच्या, काम न होणाऱ्या गावातल्या 4 विहिरीही घेतल्यात, आणि पर्जन्यमापक शाळेत बसवलाय, म्हणजे वाढलेलं पाणी पावसाचं की कामाचं ते कळेल.

प्रश्नही बदललेत. 'पाणी वाढलं का' नाही, तर कुणाच्या विहिरीत वाढलं, आणि वाढलेलं पाणी कुठं गेलं? नवीन बोअर किती पडले, उसाची लागवड किती वाढली? हे विचारायला गावात थोडा विरोध झाला, पण ते सोडून चालणारच नाही. हिवरे बाजारात पाणी टिकलं ते नुसत्या बांधांनी नाही, शेतीसाठी बोअर बंद आणि पाण्याचा हिशोब करून पिकं, हे गावाने पाळलं म्हणून.

तर उद्दिष्टाची पहिली ओळ सध्या अशी लिहिलीये: तीन वर्षांनी, पाऊस सरासरीइतका झाला तर, वरच्या वाडीला 15 मेपर्यंत टँकर लागू नये. सरासरीपेक्षा कमी झाला तर काय धरायचं ते अजून ठरत नाहीये, त्यासाठी सोमवारी वाडीतल्या बायकांसोबत बसणार आहोत.