बाई, हे दिसणार कसं?

सदाशिव पेठेतल्या शाळेत तीस वर्षांहून जास्त मराठी शिकवून ५८व्या वर्षी निवृत्त झाले आणि पटकथा लिहायला घेतली. दिवाळी अंकांत कथा छापून येत होत्या, त्यामुळे घरात कुणाला फारसं आश्चर्य वाटलं नाही.

पहिला खर्डा एका जुन्या विद्यार्थ्याला दाखवला. तो आता चित्रपटांचा संकलक आहे. ‘शाळा सोडताना सुमनताईंना सगळं आयुष्य आठवलं,’ या ओळीवर तो थांबला. म्हणाला, "बाई, हे दिसणार कसं?"

त्या ओळीने मला बरेच दिवस छळलं. शेवटी लिहिलं ते असं: सुमनताई स्टाफरूममधलं आपलं कपाट रिकामं करतायत, नवी शिक्षिका किल्लीसाठी दारात उभी आहे. किल्ली देताना त्या एवढंच म्हणतात, "जरा अडकते हं. उचलून फिरवायची." आयुष्याबद्दल अक्षरही नाही.

शिक्षकाला समजावून सांगायची सवय असते. एकदा सांगायचं, फळ्यावर लिहायचं, पुन्हा विचारायचं. माझी पात्रंही तशीच बोलत होती. आई मुलाला त्याचे वडील कधी गेले ते सांगायची, जणू त्याला ते ठाऊकच नव्हतं! असे संवाद खोडायला लाल पेनच घेतलं.

मधल्या उन्हाळ्यात एफटीआयआय ही पुण्यातली चित्रपट शिक्षणाची संस्था आणि जुने चित्रपट जतन करणारं फिल्म अर्काइव्ह मिळून घेतात तो चित्रपट रसास्वादाचा अभ्यासक्रम केला. एफटीआयआय १९६० साली प्रभातच्या जुन्या स्टुडिओत सुरू झालं. लॉ कॉलेज रोडवरून आयुष्यभर जाऊनही मी आत कधी गेले नव्हते. या अभ्यासक्रमात लिहायला शिकवत नाहीत, बघायला शिकवतात. नवशिक्याने पटकथेवरची पुस्तकं आणण्याआधी हे करावं, असं माझं ठाम मत आहे.

बाकी तांत्रिक बाजू. प्रत्येक दृश्यावर आतलं की बाहेरचं, ठिकाण, दिवस की रात्र, हे लिहायचं. एक पान म्हणजे साधारण एक मिनिट, हा हिशोब इंग्रजी मांडणीचा आणि ठरावीक टंकाचा. देवनागरीत तो बसेना. मग घड्याळ लावून प्रत्येक दृश्य मोठ्याने वाचलं. पस्तीस मिनिटांच्या तासाला बांधलेली जीभ इथे कामी आली.

कुणाला ऐकवण्याआधी स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सदस्यत्व घेऊन संहितेची ऑनलाइन नोंदणी केली. त्या तारखेला हा मजकूर आपल्याकडे होता, एवढा पुरावा त्यातून मिळतो. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, म्हणून चार ओळींच्या कल्पनेपेक्षा पूर्ण पटकथा नोंदवलेली बरी.

मग नॅरेशन, म्हणजे निर्मात्याला कथा तोंडी ऐकवणं. मुंबईतल्या एका निर्मात्याच्या ऑफिसात तो मोबाइल बघत बसलेला आणि मी कथा सांगतेय. वर्गात अशा मुलाचं काय करायचं ते मला चांगलं माहीत आहे: आवाज चढवायचा नाही, उतरवायचा. किल्लीच्या दृश्याला त्याने मोबाइल उलटा ठेवला. लिहिताना जी समजावण्याची सवय मोडली होती, ती इथे पुन्हा बाहेर काढली; सांगताना ती लागतेच.

त्याने होकार दिलेला नाही. मध्यंतरानंतरचा भाग सैल वाटतो, म्हणाला, आणि मला ते पटलं. सध्या तोच भाग नव्याने लिहितेय.