सोळा जानेवारी आणि पेंटरकाकांचा पडदा

बाहेरच्यांना वाटतं आमच्या मंडळाचा मोठा कार्यक्रम म्हणजे गणपती. आम्हा जुन्या लोकांना विचाराल तर सोळा जानेवारी. १९५४ साली याच तारखेला कोल्हापूरचे चित्रकार आणि मूक सिनेमे काढणारे बाबूराव पेंटर गेले, आणि कोल्हापुरात राहून, रोज खरी कॉर्नरच्या त्यांच्या कॅमेऱ्याच्या स्मारकापुढून जाऊन, वर्षातला एक दिवसपण त्या माणसासाठी काढायचा नाही हे आमच्या आधीच्या पिढीला पटलं नाही, म्हणून त्यांनी तालमीच्या वरच्या हॉलमध्ये हा आठवणीचा कार्यक्रम सुरू केला. मी शाळेत होतो तेव्हा सतरंज्या उचलायचो, नंतर सेक्रेटरी झालो, आता नुसता सभासद आहे. पण डिसेंबर संपत आला की हात शिवशिवतात.

दीपप्रज्वलन, फोटोला हार, स्वागत, प्रास्ताविक, नारळ-शाल हे सगळं होतं तसंच होतं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. प्रास्ताविक बरीच वर्षं माझ्याकडेच होतं त्यामुळे मुद्दे तोंडपाठ आहेत. बाबूरावांचा जन्म १८९०, मूळ आडनाव मेस्त्री, घरात कारागिरी, चित्रकलेच्या कुठल्या शाळेत न जाता स्वतः बघून बघून शिकले आणि युरोपियन पद्धतीची ऑइल पेंटिंग करायला लागले, मूर्तीपण करायला लागले. भाऊ आनंदराव आणि ते, दोघं मिळून संगीत नाटक कंपन्यांचे आणि पारशी-गुजराती नाटकवाल्यांचे पडदे रंगवायचे, १९१० ते १६ च्या काळात ह्या भागात त्यांच्या पडद्यांना तोड नव्हती. लोक पेंटर पेंटर म्हणायला लागले आणि तेच आडनाव झालं. हे वाक्य म्हणताना मला दर वर्षी आत काहीतरी होतं, कारण माझे वडीलपण बोर्ड रंगवायचे आणि त्यांनापण कुणी नावानं हाक मारली नाही, पेंटरच म्हणायचे, फक्त ते आमच्या रेशनकार्डापर्यंत पोचलं नाही.

मग पाहुणे बोलतात. पाहुणे चांगलंच बोलतात, कधी बाबूरावांच्या 'सैरंध्री' सिनेमावर, कधी 'सावकारी पाश'वर, १९२५ च्या त्या मूक सिनेमात शेतकऱ्याचं कर्ज कसं दाखवलं यावर. एका वर्षी एका सरांनी फार सुंदर सांगितलेलं की ज्या माणसाचं नाव पडद्यांमुळे झालं त्यानेच सिनेमात रंगवलेले पडदे काढून उभे सेट लावले, आणि शॉट घ्यायच्या आधी सीन चितारून ठेवायचे. ती रात्र मी विसरलो नाही. पण माझी तक्रार आहे ती आहेच, सत्कार झाला, दोन शब्द झाले की पाहुणे उठतात, त्यांच्याबरोबर फोटोवाले उठतात, मग पुढच्या दोन रांगा रिकाम्या. आणि खरा कार्यक्रम तिथून पुढे सुरू होतो हो!

खरा कार्यक्रम म्हणजे पेंटरकाका.

काकांचं वय आता ऐंशीच्या पुढे आहे. तरुणपणी थेटरांचे बॅनर रंगवायचे, नंतर दुकानांचे बोर्ड, ट्रकच्या मागचे नंबर, शाळांच्या भिंतींवरचे सुविचार, सगळं केलं. फ्लेक्स आलं आणि काम गेलं, त्याबद्दल ते स्टेजवरून कधी एक शब्द बोलले नाहीत. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मांजरपाट लाकडी चौकटीवर ताणून, सरस आणि खडूची भुकटी कालवून त्याला लावून ठेवतात, म्हणजे दुसऱ्या दिवशी कापड कडक होतं, रंग पीत नाही. चार फूट बाय सहा फूट. आणि मग सगळ्यांसमोर त्याच्यावर राजवाड्याचा पडदा करायला घेतात, करता करता बोलतात. माइक हातात धरत नाहीत, एका पोराला त्यांच्याबरोबर माइक घेऊन फिरावं लागतं.

पहिल्यांदा नीळ लावलेला दोरा. एक टोक चौकटीच्या मधोमध खिळ्याला, दुसरं टोक पोराच्या हातात, काका मधे धरून ओढतात आणि सोडतात, टप्प! निळी रेघ उमटते. परत टप्प. आठ-दहा रेघा सगळ्या एकाच खिळ्याकडे पळतात. "ह्यो खिळा म्हंजे डोळा," काका म्हणतात, "बाबूरावांना हे कुणी कालेजात नाही सांगितलं. रस्त्यात हुबं ऱ्हाऊन बघितलं आसंल, दोन्ही कडंची घरं लांब जाता जाता बारीक का हुत्यात ते." मग खांब, कमानी, फरशी. हात थरथरतो हो आता, पण दोरा सोडताना नाही.

आणि रंग भरता भरता ते आनंदरावांवर येतात. दर वर्षी येतात, शब्दपण जवळजवळ तेच असतात, तरी हॉलमध्ये कुणी खोकत नाही. १९१३ ला फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला, तो बघून दोघं वेडे झाले, आता आपण सिनेमा करायचा. कॅमेरा विकत घ्यायला पैसे कुठले, मग स्वतःच जोडायला बसले. काका इथे ब्रश खाली ठेवतात. "आनि सोळा साली आनंदराव गेले. कॅमेरा अर्धा." एवढंच. थोडा वेळ थांबतात. "अर्धा कॅमेरा घरात हाय, आनि जोडीदार न्हाई. काय वाटलं आसंल बाबूरावांना ते बघून रोज?" मग सांगतात की शिष्य दामल्यांना हाताशी घेऊन बाबूरावांनी तो पुरा केला, त्याच्यावर शूटिंग केलं, १९२० ला सैरंध्री आला, पुण्यात टिळकांनी बघितला आणि बाबूरावांना सिनेमा केसरी म्हणाले. पण काकांचा आवाज तोवर बसलेला असतो, टिळकांचं वाक्य ते घाईत उरकतात.

काकांचे थोरले बंधूपण पेंटर होते. बॅनर दोघं मिळून करायचे, चेहरा थोरल्यांचा आणि अक्षरं काकांची. ते जाऊन तीसेक वर्षं झाली. काका त्यांचं नाव भाषणात घेत नाहीत, पण जुन्या लोकांना माहीत आहे, म्हणून "अर्धा" म्हटल्यावर मागच्या खुर्च्यांवरचे म्हातारे चष्मे पुसतात.

शेवटी काका लाइट घालवायला सांगतात. पडद्याच्या पायाशी जमिनीवर एक पिवळा बल्ब ठेवलेला असतो, तेवढाच लागतो. "आता मागं जावा सगळी, भितीला टेकून बघा." पूर्वी दिव्याच्या पिवळ्या उजेडात निळा रंग मरतो म्हणून पेंटर लोक रात्री दिवा लावून पडदा तपासायचे असं काका सांगतात, आणि खरंच, ट्यूबलाइटखाली जो पडदा भडक, कच्चा वाटत होता तोच एकदम खोल होतो. कमानीच्या आत कमान, त्याच्या आत अंधार. लहान पोरं तर जाऊन पाठीमागे हात घालून बघतात. मी इतकी वर्षं बघतोय, मला माहीत असतं काय होणार ते, तरी गळ्याशी येतं.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, संगीत नाटकातल्या गायक नटाच्या नावाचं. त्याच्या पुढच्या जानेवारीत काकांनी राजवाडा केला नाही. रिकामं स्टेज केलं, वर कमान, खाली फळ्या, मधे कुणीच नाही. केशवराव आणि बाबूराव एकाच सालचे, दोघं १८९० चे, एवढंच बोलले आणि लाइट घालवायला सांगितला. त्या दिवशी टाळ्या उशिरा वाजल्या.

आणि त्या दिवशी हॉलमध्ये माणसं किती, तर एकतीस. मी मोजली. चाळीस पावलांवर राहणारे लोक आले नाहीत. एका कॉलेजची पोरं एका वर्षी झुंडीने आली होती, नंतर कळलं हजेरी लागणार होती, पुढच्या वर्षी हजेरी नाही तर एकपण नाही. राग नाही, वाईट वाटतं. बाबूरावांच्या मूक सिनेमांच्या बहुतेक प्रिंटा गेल्या, तो मूक सावकारी पाशसुद्धा आता बघायला मिळत नाही, आणि इथे एक माणूस जिवंत त्या हातकामातलं थोडंसं दाखवतोय तर कुणाला वेळ नाही.

जे आले, ज्यांनी केलं, त्यांची नावं काकांनी आणि मंडळाने छापायची नाहीत असं ठरवलंय, पण कामं तरी सांगतो. मांजरपाट दर वर्षी फुकट देणारे कापडवाले शेठ, त्यांचे वडील द्यायचे, आता ते देतात. चौकट करणारे सुतारमामा. पिवळ्या बल्बची वायर टेपने चिकटवून कुणी अडखळू नये म्हणून स्वतः तिथे उभा राहणारा वायरमन दादा. साउंडवाले, एका वर्षी जनरेटर पण त्यांनीच आणलेला. पायऱ्यांवर रांगोळी काढणाऱ्या दोघी बहिणी, त्यातली एक आता पुण्याला असते तरी येते. हारवाल्या मावशी. चहा आणि कांदेपोहे करणाऱ्या काकू, ज्या कार्यक्रम संपेपर्यंत वर येत नाहीत, एकदा आम्ही त्यांना ओढून आणलं तेव्हा त्यांनी पडदा पहिल्यांदा बघितला, एकोणीस वर्षांनी. तालमीचे वस्ताद, जे त्या दिवशी संध्याकाळचा सराव लवकर आटपतात. काकांना घरून आणणारे रिक्षावाले मामा, पैसे घेत नाहीत. ब्रश धुऊन, पुसून, फडक्यात गुंडाळून परत देणारी काकांची नात. माइक धरून फिरणारा पोरगा, आता इंजिनिअर झालाय, माइक अजून तोच धरतो. पत्रिका वाटणारे चौघं. गॅलरीत जुने फोटो लावणारे सर, हे मी विसरलोच होतो, मघाशी लिहिता लिहिता आठवलं, त्यांची माफी मागतो.

जुने पडदे कपाटात गुंडाळून आहेत, बावीस आहेत, दोन पावसात गेले. ह्या वर्षी काकांनी विचारलं, रांगणाऱ्या पोराला दाखवता येईल असं काही करू का. करा म्हटलं.

पंधरा तारखेला दुपारी चारला कापड ताणायचं आहे. सुतारमामांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दोन माणसं कमी पडतायत.