पोर्ट केलात ना, मग सोर्सपण टाका

सोनीने कधीच बनवायचा थांबवलेला पीएसपी, नाहीतर निंटेंडोचा थ्रीडीएस, असल्या हातात धरायच्या गेम मशीनवर कुणीतरी झोपेचं खोबरं करून एखादा एम्युलेटर, म्हणजे दुसऱ्या मशीनची नक्कल करून तिचे गेम चालवणारा प्रोग्राम, बसवतो आणि तो चक्क फुल स्पीडला पळतो, हे बघून मला आजही जाम भारी वाटतं. अनऑफिशियल पोर्ट, म्हणजे एखादा प्रोग्राम मूळ लेखकाऐवजी दुसऱ्याच कुणी नव्या मशीनवर आणणं, म्हटलं की बऱ्याच जणांना काहीतरी चोरीचा मामला वाटतो, तसं अजिबात नाहीये. जीपीएल या मोकळ्या सॉफ्टवेअरच्या लायसन्सखालचा एम्युलेटर कुणीही कुठल्याही मशीनवर न्यावा, मूळ लेखकाला विचारायचीसुद्धा गरज नाही, लायसन्सनेच ती परवानगी आधीच देऊन ठेवलीये. (गेमच्या रॉमचा, म्हणजे गेमच्या कॉपी केलेल्या फाइलचा, कायदा हा वेगळा विषय, तो इथे काढत नाही.) माझी तक्रार एवढीच की झिप उघडली की आत ईबूट फाइल, म्हणजे पीएसपीवर थेट चालणारा तयार प्रोग्राम, असते, एक रीडमी असतो, त्यात कुठलं बटण कशाला ते असतं, खाली आभाराची लांबलचक यादी असते, आणि सोर्स कोड, म्हणजे माणसाने लिहिलेला मूळ कोड, शोधून सापडत नाही.

हे का खटकतं ते जीपीएसपीवरून सांगतो. २००६ मध्ये एक्झोफेज या नावाने लिहिणाऱ्या डेव्हलपरने पीएसपीसाठी हा गेमबॉय अॅडव्हान्सचा एम्युलेटर काढला. गेमबॉय अॅडव्हान्समध्ये १६.७८ मेगाहर्ट्झचा एआरएम प्रोसेसर, पीएसपीत जास्तीत जास्त ३३३ मेगाहर्ट्झचा मिप्स या दुसऱ्याच जातीचा, म्हणजे आकडा मोठा दिसत असला तरी एकेक इन्स्ट्रक्शन वाचून तिची नक्कल करत बसलं तर पुरत नाही. म्हणून त्याने डायनॅमिक रीकंपायलर लिहिला, गेमचा एआरएम कोड चालता चालताच मिप्समध्ये बदलून घ्यायचा. आणि सगळं जीपीएल व्हर्जन २ खाली मोकळं केलं. त्यानंतर काय झालं बघा. जपानमधून जीपीएसपी काई हा त्याचा बदललेला अवतार आला, त्याच्या एका बिल्डच्या नावातच अनऑफिशियल हा शब्द होता. डिंगू ए३२० हा चिनी हँडहेल्ड आणि डीएसमध्ये घालायचं सुपरकार्ड डीएसटू, दोन्हींमध्ये इंजेनिक कंपनीची मिप्स चिप, त्यामुळे पीएसपीसाठी घाम गाळून लिहिलेला रीकंपायलर तिथेही कामाला आला. एआरएमसाठीचा भाग लिहिला गेला तसा तो जीपीटूएक्स, पँडोरा असल्या मशीनवर गेला. लिब्रेट्रो या एम्युलेटरच्या प्रोजेक्टवाले तर इतक्या वर्षांनीही त्याच्यावर काम करतायत. सोबत येणाऱ्या गेम कॉन्फिग फाइलमध्ये कुठला गेम कुठल्या पत्त्यावर नुसताच वाट बघत फिरत राहतो त्याच्या ओळी असतात, तेवढा लूप टाळला की स्पीड वाढतो, आणि ती यादी एकाकडून दुसऱ्याकडे अशी फिरत राहिली. यातल्या कुठल्याही एका पोर्टवाल्याने सोर्स दाबून ठेवला असता तर साखळी त्याच्यापाशीच तुटली असती.

पोर्ट करणाऱ्याचं खरं काम कुठे असतं ते पण समजून घ्या. रीकंपायलर मेमरीत नवीन कोड लिहितो, पण तो आधी डेटा कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीत, पडतो आणि प्रोसेसर मात्र इन्स्ट्रक्शन कॅशमधून वाचतो, त्यामुळे डेटा कॅश मेमरीत उतरवून इन्स्ट्रक्शन कॅश रिकामी केली नाही तर प्रोसेसर जुनाच कचरा चालवतो आणि गेम कधी दहा मिनिटांनी तर कधी लोगोवरच उडतो. उपाय दोन ओळींचा असतो, सापडायला आठवडे जातात. अशा दोन ओळी फक्त बायनरीत, म्हणजे कंपाइल केलेल्या तयार फाइलमध्ये, राहिल्या की पुढच्या माणसाने परत तेवढेच आठवडे घालवायचे. आणि हौशी पोर्टवाले कायम थोडेच राहतात, नोकरी लागते, लग्न होतं, हार्ड डिस्क जाते.

जीपीएल व्हर्जन २ चं कलम ३ यासाठीच आहे. बायनरी दिलीत तर सोबत सोर्स द्या, किंवा मागेल त्याला सोर्स देईन असं किमान तीन वर्षांसाठी लिहून द्या. डाउनलोडच्या त्याच जागी सोर्स ठेवला तरी चालतं, सगळ्यात सोपा मार्ग तोच. सोर्स म्हणजे कंपाइल करायच्या स्क्रिप्टसकट सगळं, मेकफाइल धरून. कलम २ म्हणतं की बदललेल्या फाइलमध्ये आपण बदल केलाय आणि कधी केलाय ते लिहा. बरेच जण मूळ प्रोजेक्टची लिंक देतात आणि झालं म्हणतात, अहो पण त्या लिंकवर तुमचे बदल कुठे आहेत? आणि मी पैसे घेत नाही हे उत्तर इथे चालत नाही, फुकट वाटलं तरी ते वाटणंच. घरी स्वतःपुरतं कंपाइल करून खेळत असाल तर मात्र कुणाला काही द्यायची गरज नाही.

कधीकधी अडचण उलटी पण असते. पहिल्या एक्सबॉक्सच्या काळात होमब्रू, म्हणजे हौशी लोकांनी बनवलेलं सॉफ्टवेअर, कंपाइल व्हायचं ते मायक्रोसॉफ्टच्या एक्सडीके नावाच्या किटने, आणि ते किट फक्त परवाना असलेल्या कंपन्यांसाठी होतं. म्हणून एक्सबीएमसी या मीडिया प्लेअरच्या टीमने, हाच आजचा कोडी, फक्त सोर्स दिला, तयार बिल्ड लोक दुसरीकडून मिळवायचे. आजच्या पोर्टवाल्याचं नशीब चांगलं, पीएसपी, व्हीटा, स्विच सगळ्यांना मोकळी टूलचेन, म्हणजे कंपाइल करायची हत्यारं, आहे.

आता एक गोष्ट जी मला फार महत्त्वाची वाटते. सोर्स दिसतो म्हणजे ओपन सोर्स असं समजू नका. एसनेसनाइनएक्स, जेनेसिस प्लस जीएक्स, पिकोड्राइव्ह या तीन एम्युलेटरचा कोड उघडा आहे पण लायसन्समध्ये व्यावसायिक वापराला मनाई आहे. मेम या आर्केड गेमच्या एम्युलेटरचं पण २०१६ पर्यंत असंच होतं, मग ते जीपीएलवर आलं. आपल्याकडेही ऑनलाइन जे मेमरी कार्डवर गेम भरून तयार चिनी हँडहेल्ड विकले जातात त्यातल्या कितीतरींमध्ये हेच एम्युलेटर असतात, म्हणजे मनाई असताना उघड विक्री. २०१४ मध्ये हायपरकिन कंपनीच्या रेट्रॉन ५ या कन्सोलवर लिब्रेट्रोच्या लोकांनी नेमका हाच आरोप जाहीरपणे केला होता. पोर्टवाल्यांना आणखी एक खाच आहे: पीसीवर लिब्रेट्रोचा रेट्रोआर्च हा प्रोग्राम कोअर, म्हणजे एकेक एम्युलेटर, वेगळ्या फाइलमधून लोड करतो, पण वी, थ्रीडीएस, व्हीटावर कोअर आणि रेट्रोआर्च एकाच बायनरीत शिजतात, मग एकीकडे जीपीएल व्हर्जन ३ आणि दुसरीकडे विकायला मनाई, ही दोन लायसन्स माझ्या मते एका बायनरीत नांदू शकत नाहीत.

नीट करणारेही आहेत. सोनीने २०१८ मध्ये प्लेस्टेशन क्लासिक काढला तेव्हा आत पीसीएसएक्स रीआर्म्ड हा एम्युलेटर घातला आणि लायसन्सची नोंद देऊन जीपीएलचा सोर्सपण उपलब्ध केला. सोनीला जमतं तर आपल्याला का जमू नये? उलट २०२४ च्या एप्रिलमध्ये आयजीबीए नावाचं अॅप अॅपलच्या स्टोअरवर आलं, जीबीए४आयओएस या जुन्या ओपन सोर्स एम्युलेटरची जवळपास नक्कल, वर जाहिराती, शेवटी अॅपलने ते काढलं. त्याच वर्षी डकस्टेशन या प्लेस्टेशन एम्युलेटरच्या लेखकाने जीपीएल सोडून बदललेली आवृत्ती वाटायलाच मनाई करणारं क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्स घेतलं, आधीचं लायसन्स मोडणाऱ्यांना आळा बसावा हे कारण देऊन. जुने जीपीएलचे कमिट, म्हणजे तेव्हा नोंदवलेले कोडचे बदल, अजूनही जीपीएलच आहेत, त्यावरून पोर्ट करता येईल, पण त्यानंतरची सुधारणा पोर्टवाल्यांना बंद. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण दोघातिघांनी नियम मोडला आणि दार सगळ्यांसाठी लागलं.

सोर्स न देता आधीच पोर्ट सोडला असेल तर व्हर्जन ३ मध्ये सुधारायची सोय आहे, पहिल्यांदाच चुकलात आणि नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत नीट केलंत तर हक्क परत मिळतात. व्हर्जन २ मध्ये अशी मुदतच नाही, मोडलं की हक्क गेले, म्हणून कुणी विचारायची वाट बघू नका. रिलीजसोबत सोर्सची झिप, कॉपिंग फाइल (लायसन्सचा मजकूर), कुठल्या कमिटवरून सुरुवात केली आणि टूलचेनचं कुठलं व्हर्जन वापरलं एवढं ठेवा. कोड अर्धवट असेल, घाणेरडा असेल, सगळ्या कमेंट मराठीत असतील, तरी चालेल, टाका.