बाबांचा गुडघा आणि फियाटचा ब्रेक

बाबांचा उजवा गुडघा बदलला. चालायचं किती, जिने कधी चढायचे, सगळं डॉक्टरांना विचारून झालं. फियाटचं कुणी विचारलंच नाही. आमची पद्मिनी 1982 ची. 1089 सीसी, चारी चाकांना ड्रम ब्रेक, पायाच्या दाबाला जोर देणारा बूस्टर नाही. इंदूरच्या राजवाड्याच्या गर्दीत तासभर चालवली की माझ्याच पोटरीत गोळा येतो. पण ‘बाबा, आता विकून टाकू’ म्हणायची आमच्या घरात कुणाची छाती नाही.

व्हॅक्यूम बूस्टर हा सोपा उपाय होता. तो इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतो. इंजिन बंद पडलं की दोन-तीन दाबांत त्याचा जोर संपतो. आणि आमचं इंजिन थंडीत पलासियाच्या सिग्नलवर हमखास बंद पडतं! म्हणून इलेक्ट्रिक. बॉशने 2013 मध्ये आणलेला आयबूस्टर, अपघातातल्या गाडीतून निघालेला, भंगारात मिळाला. पेडलची दांडी किती सरकली ते सेन्सर टिपतो आणि वरचा जोर मोटर लावते. बारा व्होल्टची बॅटरी बस झाली.

आधी लायनर, व्हील सिलिंडर, होज, सगळं नवं टाकलं. बूस्टर पायाचे श्रम वाचवतो, झिजलेला ब्रेक सुधारत नाही.

मग लोहामंडीतून जाड प्लेट आणून ब्रॅकेट केला. पण बूस्टरचा दाब पुढे ब्रेककडे नेणारा पुशरॉड हवा त्यापेक्षा जेमतेम दोन मिलिमीटर जास्त लांब राहिला. पेडल सोडलं तरी ब्रेक पूर्ण सुटेना. कॉलनीत एक फेरी मारून आलो आणि ड्रमवर पाण्याचे चार थेंब टाकले, तर चर्र! मेकॅनिक उस्ताद म्हणाले, “भिया, इसपे तो रोटी सेक लो.”

रॉड कमी केला. मग रिकाम्या रस्त्यावर मुद्दाम बूस्टरचा फ्यूज काढून ब्रेक मारला. पेडल दगडासारखं झालं, पण गाडी थांबली. तेव्हा कुठे किल्ली बाबांना दिली.

बाबांना चाळीस वर्षांची सवय, दोनदा पंप करून तिसऱ्यांदा दाबायची. पहिल्याच वळणावर गाडीने तीनदा मान डोलावली. मागून आई म्हणाली, “अहो, हिला उचकी लागली का?”

मानपूरचा घाट अजून मीच उतरवतो, खालच्या गिअरमध्ये. ड्रम तापून ब्रेकची पकड सुटली तर बूस्टर तरी काय करणार? गावात मात्र बाबाच. अंदाज यावा म्हणून उजव्या पायातली चप्पल काढून बसतात, आणि उतरताना हमखास विसरतात. परवा देवळाच्या दारापर्यंत एकाच चपलेवर गेले.