आत गेलं, की नुसतं चिकटलं?

गावाकडच्या मंडळींना नमस्कार. पोळ्याच्या सुमारास धुऱ्यावरचं गवत कमरेला लागतं. त्यातला चिगर नावाचा बारीकसा जीव चावला, तर स्क्रब टायफस होऊ शकतो. दुखणं अंगावर काढलं तर काही जणांच्या ‘फुफ्फुसात पाणी भरतं’. हे पाणी साधं नसतं. रक्तातून झिरपलेली प्रथिनं त्यात असतात, आणि सगळ्यात जास्त असतं अल्ब्युमिन.

फुफ्फुसाच्या पेशी सोडियम उपसतात, त्याच्यामागे पाणी निघून जातं. अल्ब्युमिन मागे राहतं. वावरात तुंबलेलं पाणी मुरल्यावर गाळ उरतो तसं. ते तसंच साचून राहिलं तर वायुकोशाच्या भिंतीवर पापुद्रा धरतो आणि ऑक्सिजनची वाट अडते. हा गाळ पेशी कसा उचलतात, ते इथे जर्मनीतल्या प्रयोगशाळेत कसं मोजतो, ते आज लिहितो आहोत. वर्धा-यवतमाळच्या गावांतून बी.एस्सी., एम.एस्सी. करणाऱ्या मुलामुलींना उपयोगी पडावं, ही मनापासून इच्छा आहे.

अल्ब्युमिनचं वजन सुमारे ६६ हजार डाल्टन. दोन पेशींच्या घट्ट सांध्यातून एवढा रेणू सहज सरकत नाही. मग पेशीच्या आवरणाला खळी पडते, तिला आतून क्लॅथ्रिन प्रथिनाची जाळी धरते आणि पुरचुंडी तुटून आत जाते. अल्ब्युमिनला धरून ठेवणाऱ्यांपैकी एक ग्राही (पेशीच्या आवरणावरचं पकडणारं प्रथिन) म्हणजे मेगालिन. मूत्रपिंडात गाळलेलं अल्ब्युमिन परत घेणाराही तोच. आत गेलेल्यापैकी काही लायसोसोममध्ये (पेशीच्या पचनपिशवीत) तुटतं, काही पलीकडच्या बाजूला पोचवलं जातं.

प्रयोग असा. मोठ्या उंदराच्या (रॅटच्या) फुफ्फुसातल्या दुसऱ्या प्रकारच्या पेशींपासून निघालेल्या आरएलई-६टीएन पेशी २४ खळग्यांच्या प्लेटमध्ये दाट भरू द्यायच्या. मग सीरम (पेशींच्या खाद्यात घातलेला रक्तद्रव) काढून टाकायचं, कारण त्यातलं साधं अल्ब्युमिन जागा अडवतं. कॅल्शियम असलेल्या बफरने (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाने) धुवायचं. कॅल्शियमशिवाय मेगालिनची पकड सुटते. नंतर चमकणाऱ्या एफआयटीसी रंगाचं अल्ब्युमिन, मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम, अंधारात तासभर. एक प्लेट ३७ अंशांवर, दुसरी ४ अंशांवर. थंडीत पेशी गिळत नाही. तिथे दिसतं ते नुसतं चिकटलेलं.

तास झाला की दोन्ही प्लेटी बर्फावर. बर्फगार बफरने तीनदा धुवायचं, बाहेर चिकटलेलं ट्रिप्सिनने (प्रथिनं तोडणाऱ्या विकराने) सोलून काढायचं, पेशी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून खाली बसवायच्या आणि ०.१ टक्के ट्रायटन या साबणासारख्या द्रावणात फोडायच्या. ४९० नॅनोमीटरचा प्रकाश टाकून ५२० ला चमक वाचायची. ३७ अंशांच्या आकड्यातून ४ अंशांचा वजा करायचा आणि एकूण प्रथिनाने भागायचं.

घोळ होतो तो लहान जागी. रंगीत अल्ब्युमिन जुनं झालं की सुटा रंग मोकळा होतो आणि आकडा खोटाच फुगवतो. वापरण्याआधी ते छोट्या कॉलममधून गाळून घ्या. मेलेल्या पेशी सगळंच शोषतात, म्हणून ट्रायपॅन ब्लूने (मेलेल्या पेशींनाच निळं करणाऱ्या रंगाने) तपासा. अल्ब्युमिन प्लास्टिकलाही चिकटतं, तेव्हा तीन खळगे बिनापेशींचे ठेवा. सूक्ष्मदर्शकाखाली चमक मंद दिसली तर लगेच ‘आत गेलंच नाही’ असं लिहू नका: पुरचुंडीच्या आत आम्ल असतं आणि आम्लात एफआयटीसी विझतो. पीएच ८ च्या बफरमध्ये पेशी फोडल्या की तो पुन्हा उजळतो. क्लॅथ्रिन अडवायला क्लोरप्रोमाझिन हे औषध वापरलं तर सोबत ट्रान्सफेरिन या लोह वाहणाऱ्या प्रथिनाची प्लेट हवीच. ते क्लॅथ्रिनच्याच वाटेने जातं. तेही अडलं तरच औषधाने काम केलं म्हणायचं.

आता आपल्याकडची अडचण. इथल्या वहीत ‘रूम टेम्परेचर’ म्हणजे २० ते २२ अंश. मे महिन्यात आपल्याकडे कूलर बंद असलेल्या खोलीत तेच ४० च्या घरात जातं, आणि धुता धुता पेशी गिळत राहते. बर्फाचा चुरा करून त्यात थोडं पाणी घाला, म्हणजे प्लेटचा तळ सगळीकडे टेकेल. मोठ्या खड्यांवर प्लेट अधांतरी राहते. बफरच्या बाटल्या आदल्या रात्रीच फ्रिजमध्ये ठेवा. आणि प्रत्येक पायरीपुढे थर्मामीटर पाहून खरा आकडा लिहा.