रहाटाचं ग्रीस आणि १५ ऑगस्टचा शर्ट

रहाटाला ग्रीस मीच लावलं होतं. पावसाळ्यात कप्पी करकरते आणि आईला तो आवाज खपत नाही, म्हणून रविवारी बोटभर ग्रीस आसात थापलं आणि विसरून गेलो. १३ ऑगस्टला संध्याकाळी शाळेतून आलो तर वीज गेलेली, पंप बंद. अंगात झेंडावंदनासाठी राखून ठेवलेला पांढरा शर्ट होता, कवायतीच्या तालमीला घातलेला. तसाच कळशी घेऊन विहिरीवर गेलो. ग्रीस ओघळून कप्पीच्या खाचेत आणि तिथून दोराला लागलंय हे कळलं तेव्हा दोर दंडावरून सरकून गेला होता. कोपरापासून खिशापर्यंत काळा पट्टा.

पुढे मी जे केलं ते विज्ञानाच्या मास्तराला शोभणारं नव्हतं. साबणाच्या रेणूचं चित्र मी दरवर्षी फळ्यावर काढतो. टाचणीसारखं दिसतं ते. डोक्याला पाणी आवडतं, शेपटीला तेल. शेपट्या तेलात रुतायच्या आणि डोकी त्याला पाण्यात ओढून न्यायची, असं पोरांना घोकवतो. आणि घरी मी काय केलं, तर डागावर तांब्याभर गार पाणी ओतलं, कपड्याच्या साबणाची वडी घासली आणि ब्रश मारला. बोटभर रुंदीचा पट्टा तळहाताएवढा रुंद झाला.

आई पडवीतून ओरडली, "पाणी लावू नको रे! त्या तेलाक पाणी काय करतला?"

खरंच होतं तिचं. आधी ओलं केलं की साबण पातळ होऊन वाहून जातो, तेलाला भिडतच नाही. ग्रीसचा डाग कोरडा असतानाच हाताळायचा असतो.

पण याहून मोठी चूक रात्री झाली. ओल्या कापडावर डाग दिसेनासा झाला होता. कापड भिजलं की सगळंच गडद दिसतं, तेलाचा डागही त्यात लपतो. मला वाटलं, गेला. आमच्याकडे श्रावणात कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत, त्यामुळे दमट कपडा इस्त्रीने सुकवायची सगळ्यांना सवय. रात्री वीज आल्यावर मीही तेच केलं. शर्ट कडक सुकला आणि दंडावर पिवळट करडा नकाशा उमटला. ग्रीस म्हणजे घट्ट केलेलं तेलच. इस्त्रीच्या उष्णतेने ते पातळ होऊन धाग्यांत आणखी खोल गेलं. त्यात शर्ट टेरिकॉटचा, म्हणजे सुतात पॉलिएस्टर मिसळलेला. पॉलिएस्टरचा धागा तेलाला सुतापेक्षा जास्त चिकटून बसतो.

आईने शर्ट उजेडाकडे धरून पाहिला. म्हणाली, "आता तेका खोबरेल लाय."

डागावर आणखी तेल? पण तेलाला तेलच विरघळवतं. वाळलेलं ग्रीस नव्या तेलाने मऊ पडतं. गॅरेजवाले रॉकेलने हात धुतात ते याचसाठी. आमच्या घरात रॉकेल नव्हतं, आणि असतं तरी मी वापरलं नसतं: वास जात नाही, आणि असा कपडा चुलीजवळ किंवा इस्त्रीखाली न्यायची सोय नाही.

१४ तारखेला शाळेतून आल्यावर बसलो. जुना पंचा चार घड्या करून डागाखाली घातला, नाहीतर काळं दुसऱ्या बाजूला उतरतं. शर्ट उलटा केला आणि खोबरेलाचे पाच-सहा थेंब टाकून अंगठ्याने दाबत राहिलो, घासलं नाही. दहा मिनिटांनी पंचा उचलला तर त्यावर काजळीसारखा डाग. पंचा सरकवला, पुन्हा दाबलं. तीनदा तसं झालं आणि तिसऱ्यांदा फिकट करडंच उतरलं. मग खिशातल्या खडूची पूड करून जाड पसरली. ती वरचं तेल पिते, अर्ध्या तासात पिठासारखी पूड ओलसर ढेकळं होऊन बसते. ती झटकली. घरात तांदळाचं पीठ असेल तर तेही चालतं, पण आईने पिठाचा डबा उघडू दिला नाही.

त्यानंतर भांडी घासायचा पातळ साबण, पाणी न घालता. जुन्या टूथब्रशने कडेकडून मध्याकडे. उलटं केलं की डागाचा घेर वाढतो. वीस मिनिटं तसाच ठेवला आणि न्हाणीतल्या हंड्यातल्या, हाताला सोसेल इतक्या गरम पाण्याने खळबळून काढला. फेस करडा आला. दुसऱ्या खेपेला पांढरा. पावसाळा होता हे बरं झालं. मे महिन्यात आमच्या विहिरीचं पाणी मचूळ होतं आणि वडी कितीही घासली तरी फेस धरत नाही.

गरम पाण्याची गंमत मला आईच्या साडीमुळे आधीच कळली होती. टाचांच्या भेगांना ती मुठेल लावते, कोकमाच्या बियांतून काढलेलं, मुठीत दाबून गोळा केलेलं तेल. ते एरवी घट्टच असतं, ४० अंशांच्या आसपास वितळतं. तिच्या पातळाच्या काठाला ते लागलं होतं. गार पाण्यात चारदा धुऊनही मेणासारखं बसून राहिलं होतं. चमच्याच्या कडेने खरवडून गरम पाणी आणि साबण लावला तर एका खेपेत गेलं. कप्पीच्या ग्रीसला नुसतं गरम पाणी पुरत नाही, त्यात लोखंडाचा भुगा मिसळलेला असतो. तेल निघालं तरी तो काळेपणा मागे राहतो.

या वेळी इस्त्रीला हात लावला नाही. शर्ट पंख्याखाली टांगला, रात्री दोनदा उठून हात लावून पाहिला. पहाटे पडवीत तिरप्या उजेडात धरला. दंड स्वच्छ होता, बाहीच्या शिवणीत मात्र एक करडी रेघ. काखेकडून बाही ओलसर होती, तसाच घातला.

झेंडा वर गेला आणि जन गण मन चालू असतानाच सर आली. मुलं, मास्तर, पाहुणे सगळे भिजले. माझ्या शर्टाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, गेलं असतं तरी भिजल्यावर दिसण्यासारखं काही नव्हतंच. घरी येऊन वाळवल्यावर रेघ परत दिसली. आणखी दोनदा खोबरेल आणि साबण केल्यावर ती फिकट झाली. दुमडीतल्या टाक्यांत अजून आहे. रहाटाला आता एरंडेलाचे दोन थेंब सोडतो, आणि विहिरीवर जाताना बनियन.